झुहदी बटणवाल्याची दाद

झुहदी बटणवाल्याला गाता येत नव्हतं. वाद्याला त्यानं जन्मात बोट लावलं नाही, आणि कधी नातवंडांबरोबर दोन ओळी म्हणालाच तर घंगाळ जिन्यावरून गडगडत आल्यासारखं वाटायचं. त्याला फक्त ऐकता यायचं. आमच्या हलबमध्ये, ज्याला बाहेरचे लोक अलेप्पो म्हणतात, तेवढ्यावर माणसाचं नाव होत असे. गाणारे गल्लोगल्ली होते. ऐकणारे मोजके, आणि त्यांना गाणारे घाबरून असत.

बाजारात त्याचं बटणांचं दुकान होतं. बटणं, दोरे, अस्तरं, लेस. खाऊनपिऊन सुखी होता आणि तोंडानं फटकळ. बायका बटण जुळवायला गेल्या की म्हणायचा, "बाई, हे बटण तुमच्या कोटाचं नाही, तुमच्या जावेच्या कोटाचं आहे. भांडण झालंय का?" बायका रागावून बाहेर पडत आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच येत. मला तो कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी म्हणायला नको की नवरा गेल्यावर हिला राग आला. राग जुनाच आहे.

आमच्यात बैठकीत टाळ्या वाजवत नाहीत. टाळ्या लग्नात. बैठकीत गाणारा मव्वाल घेतो, म्हणजे ताल थांबवून एकट्या गळ्यावर दोन-चार ओळी खेळवतो, भलतीकडे नेतो, आता हा परत येत नाही असं वाटायला लावतो, आणि मग मूळ सुरावर आणून बंद करतो. त्या बंद करण्याच्या जागेला आम्ही कुलूप म्हणतो. कुलूप नीट लागलं की ऐकणाऱ्याच्या तोंडून "अल्ला" निघतं. ती दाद. आधी निघाली तर ऐकणारा अडाणी. उशिरा निघाली तर शेजाऱ्याचं बघून दिलेली.

झुहदी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच देई. पण दिली की ती पोटातून येई, लांबच लांब, आणि तिसऱ्या घरातली बाई हातातलं काम थांबवून म्हणे, आज कुणाचं तरी भलं झालं. एकदा दमास्कसचा एक बडा गवई आला होता. बोटांत अंगठ्या, बरोबर माणसांचा लवाजमा. गाऊन झालं आणि सगळ्या अंगणानं झुहदीकडे पाहिलं. झुहदीनं पाणी मागितलं. गवई हसत म्हणाला, "हाजी, काही कमी राहिलं का?" झुहदी म्हणाला, "छे, छे. दार सुंदर लावलंत. कुलूप तेवढं राहिलं." तो गवई परत हलबला आला नाही म्हणतात. आमच्या लोकांना या गोष्टीचा केवढा अभिमान. मला त्या गवयाचीच दया यायची, कारण माझ्या घरात तसाच एक होता.

माझा नवरा निहाद पिंजारी होता. गाद्या, रजया, उशा. दिवसभर धनुकलीच्या तातेवर कापूस उडवायचा आणि त्या तातेच्या सुरात सूर मिळवून गायचा. भुवयांवर, कानांत, मिशीत कापूस. दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर अफीफच्या घरी बैठक असे. अफीफ तारांचा ऊद वाजवायचा, घर वडिलोपार्जित, अंगणात नारिंगाचं झाड आणि कारंजं. कसाई यायचा, दाताचा डॉक्टर यायचा, साबणवाले, वकील. कुणी कुणाला धंदा विचारत नसे. आम्ही बायका वरच्या सज्जात चेरी निवडत, छोट्या दुधीसारख्या कोसाची पोटं कोरत ऐकायचो. खरं सांगते, आठवड्यात तेवढे दोन-तीन तास मी कुणाची आई नसायचे, कुणाची सून नसायचे.

निहाद चांगला गायचा. लोक त्याला दाद देत, अफीफ देई, तो दाताचा डॉक्टर तर रडे. झुहदी देत नसे. पहिल्यांदाच ऐकलं तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "आवाज गोड आहे. पण गळ्यात कापूस अडकलाय." सगळे हसले. निहादही हसला. घरी आल्यावर मात्र गरम पाण्यात मध घालून प्यायला, आणि पुढे सगळं आयुष्य पीत राहिला. काम करताना तोंडावर फडकं बांधू लागला. लमीस, आमची मुलगी, जिच्यावरून मला सगळे उम्म लमीस, लमीसची आई, म्हणतात, तिचं लग्न झालं, तिला मुलं झाली, तरी याचं आपलं चालूच.

"अहो, शंभर लोक माना डोलावतात," मी म्हणायचे. "त्या एका बटणवाल्यासाठी जीव कशाला टाकता?"

"ते शंभर माझे मित्र आहेत," निहाद म्हणायचा. "तो नाही."

मग ते दिवस आले. कोण कुणाशी लढत होतं ते मी सांगत बसत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नाही त्यांनी सुखानं झोपावं. आमच्या गल्लीला थोड्याच काळात तीन मालक झाले. पहिल्यांनी माणसं नेली, दुसऱ्यांनी पीठ नेलं, तिसऱ्यांनी गाणं बंद केलं. वाद्य हराम, प्रेमाचं गाणं हराम, लग्नातली टाळीसुद्धा हराम. झुहदीचं दुकान बाजाराबरोबर जळालं. तेव्हा तो गल्लीच्या तोंडाशी परातीत बटणं मांडून बसू लागला. पाव मिळत नव्हता तिथे बटणं कोण घेणार? पण बसायचा.

त्या तिसऱ्यांच्या लोकांत आमचा बरकात होता. बरकात म्हणजे बैठकीचा डफवाला. अफीफच्या अंगणात माझ्या हातचे किब्बे, खिम्याचे वडे, खाऊन बोटं चाटणारा बरकात. त्यानं आपला डफ चौकात पायाखाली घेऊन फोडला, लोकांना दाखवून. मग दोघांना घेऊन अफीफच्या घरी आला आणि थेट कपाटामागं हात घातला, कारण ऊद कुठे लपवलेला असणार ते त्याला पाठ होतं. अफीफच्या डोळ्यांसमोर त्याचा चुरा केला. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय.

इथे शहाण्या माणसांनी कानाला खडा लावला असता. आमच्या लोकांनी काय केलं? गुरुवारची बैठक तळघरात नेली. आमच्याकडे जुन्या घरांखाली दगडात कोरलेली खोल तळघरं असतात, धान्याला आणि तेलाला. बॉम्ब पडायला लागल्यापासून आम्ही तिथेच झोपायचो. तिथे वाद्याशिवाय, तोंडातल्या तोंडात, हलक्या आवाजात गायचं असं ठरलं. अफीफनं नियम सांगितला, "दाद तोंडानं द्यायची नाही. गुडघ्यावर एक बोट टेकवायचं, बस."

"मला काय," झुहदी म्हणाला. "मी आधीपासूनच कंजूष."

कितीतरी दिवसांनी त्या दिवशी सगळे हसले.

निहाद तोवर अर्धा झाला होता. बरगड्या मोजून घ्याव्यात. कापूस कुठला आता? लोक गाद्या फाडून चुलीत घालत होते. मध कधीच संपला होता. आवाज बसल्यासारखा, घोगरा. अशातच एका गुरुवारी सगळे उठून जात असताना अफीफ झुहदीच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, आणि ते मी पायरीवर उभी राहून ऐकलं.

"अरे झुहदी, एकदा दे ना त्याला. माणूस वाळत चाललाय. तुझ्या बटणाचं काय जातंय?"

झुहदीनं चप्पल पायात सरकवली आणि म्हणाला, "बघू."

तो नुसता "बघू" म्हणाला. तो शब्द माझ्या कानात राहिला. त्या वेळी मला बरं वाटलं, म्हटलं, देईना का बापडा. पुढे त्याच शब्दानं मला वर्षानुवर्षं झोपू दिलं नाही.

पुढच्या गुरुवारीही दाराची राखण माझ्याकडेच होती. मी बाहेरच्या दरवाज्याच्या आत मसूर निवडत बसायचे, मांडीवर पातेल्याचं झाकण. दार ठोठावलं तरच झाकण पातेल्यावर आपटायचं, म्हणजे खाली सगळे गप्प. रस्त्यानं नुसते जाताना कुणी दिसले तर काही करायचं नाही, कारण खालचा आवाज गल्लीत येतच नसे. मला तो अंगणातही जेमतेम यायचा, शेजारी कुणी झोपेत बोलल्यासारखा. तरी निहादनं मव्वाल धरलेला मला कळला.

तेवढ्यात गल्लीत पावलं वाजली. दाराच्या फटीतून पाहिलं, तर बरकात आणि त्याच्याबरोबर दोघं. समोरच्या भिंतीतल्या पाणपोईच्या नळाला बऱ्याच दिवसांनी पाणी आलं होतं. ते थांबून ओंजळीनं पाणी प्यायला लागले. मी झाकण घट्ट धरलं. प्या आणि चालते व्हा, मनात म्हटलं.

आणि खालून आलं. "अल्ला."

पोटातून, लांबच लांब. पायऱ्यांवरून वर, अंगणातून, माझ्या डोक्यावरून, दाराबाहेर. मला तो आवाज ओळखायला क्षणही लागला नाही. हलबमध्ये कुणालाच लागला नसता.

त्या दोघांतला एक ओला हात दाढीवर फिरवत म्हणाला, "नमाज चाललीये कुणाची तरी. चला, आपलीही वेळ होईल."

तो परगावचा होता. त्याला दुसरं काय वाटणार? देवाचंच नाव होतं ते. बरकात मात्र जागचा हलला नाही. ओंजळीतलं पाणी त्याच्या बोटांतून गळून गेलं. मग तो म्हणाला, "नमाज नाही ही. कुलूप लागलंय."

मी झाकण आपटलं. त्याचा काय उपयोग? तळघराला दुसरी वाट नव्हती.

खाली पाचजण होते. बरकातनं पायरीवरूनच विचारलं, "कोण गात होतं?"

झुहदी उठून उभा राहिला. "मी."

बरकात हसला. "हाजी, पाया पडतो तुमच्या. तुमचा गळा मला ठाऊक आहे. तुम्ही गायला असतात तर मीच पळून गेलो असतो."

मग निहाद उठला. गुडघे झटकले त्यानं. कापूस नव्हता अंगावर, पण सवय जाते का? म्हणाला, "मी होतो, बरकात. चल. म्हाताऱ्याला छळू नकोस."

त्याला वर आणलं. मी पायऱ्यांच्या तोंडाशी उभी होते. माझ्या जवळून जाताना तो थबकला, आणि त्याचा चेहरा मी काय सांगू? लमीस झाली तेव्हा दाईनं बाहेर जाऊन सांगितल्यावर आत आलेला चेहरा तो. मला म्हणाला, "ऐकलंस ना?"

मागं बंदुका, आणि हा मला विचारतोय ऐकलंस ना. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी म्हटलं, "खाली बघून चाला. पायरी मोडलीये."

आमचं शेवटचं बोलणं ते.

आठवड्याभरानं निरोप आला की येऊन घेऊन जा. तो कसा होता ते मी लिहीत नाही. लमीसलाही सांगितलेलं नाही. कबरस्तान दुसऱ्यांच्या ताब्यात होतं, म्हणून गल्लीपलीकडच्या बागेत पुरला, मुलांच्या झोपाळ्याजवळ. झुहदी बागेच्या कठड्याबाहेर उभा होता, टोपी हातात घेऊन. आत यायची छाती झाली नसावी. मी अफीफला पाठवलं. म्हटलं, त्याला सांग, यापुढे माझ्या सावलीलाही उभा राहू नकोस. तो गेला. पाठीमागून फार म्हातारा दिसला.

पुढे हलबची निम्मी गल्ली सरहद्द ओलांडून तुर्कस्तानात अँतेपला आली. मीही आले, लमीसकडे. तोही आला, मुलाकडे. ज्याचं तोंड बघायचं नाही तोच भाजीबाजारात समोर, ही परदेशातली गंमत. तो मला पाहून रस्ता बदलायचा. लोक काहीबाही बोलत. कुणी म्हणे, म्हाताऱ्यानं पैसे घेऊन निहादला पकडून दिलं. मला झुहदी कितीही नावडता असला तरी हे मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, तोंड सांभाळा, असल्या गोष्टीसाठी तो माणूस तोंड उघडणारा नव्हता.

त्यानं ऐकणं सोडलं होतं. नातवाच्या लग्नात कुणीतरी गायला, कुणीतरी "अल्ला" म्हणालं, आणि झुहदी चपला न घालताच घराबाहेर पडला. रस्त्यावर मोज्यांवर चालताना सापडला. घरातले सांगू लागले की त्याला ऐकू येत नाही. सोयीचं होतं ते सगळ्यांनाच.

इकडे आमच्या पोरांनी एका वेल्डिंगच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन गुरुवार सुरू केला. मीही जायचे. मागं बसायचे. वाईट नाही गात. पण मव्वाल बंद करताना त्यांची नजर समोरच्या तोंडांवरून फिरते आणि कुठे टेकत नाही, तेव्हा मला भडभडून येतं. समोरचे आम्ही सगळे आपले आनंदानं अल्ला, अल्ला करतो. देश गेल्यापासून आम्ही दाद देण्यात फार उदार झालोय.

त्या पोरांनी झुहदीला बोलावलं. त्यानं कानाकडे बोट दाखवून नाही म्हटलं. मग ती माझ्याकडे आली. "खाला, तुम्ही सांगितलंत तर येईल तो." मी त्यांना हाकललं. आणि दोन दिवसांनी डोक्यावर रुमाल बांधून निघाले. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

मला एकच गोष्ट हवी होती. ती दाद खरी होती का? की अफीफच्या सांगण्यावरून, वाळलेल्या माणसाची दया येऊन झुहदीनं भीक घातली होती? कारण खरी असेल तर निहाद आयुष्यभर ज्याच्या मागं लागला ते मिळवून गेला. आणि खोटी असेल तर माझा माणूस एका भिकेपायी मेला, आणि वर ती भीक मिळाल्यावर हसत गेला. या दोन्हींतलं कुठलं, ते कळल्याशिवाय मला मरायचं नव्हतं.

सुनेनं दार उघडलं. झुहदी खिडकीशी बसला होता, मांडीवर डबा, आणि बटणं निवडत होता. पांढरी पांढऱ्यात, काळी काळ्यात. मला पाहिलं आणि त्याचे हात थांबले. सुनेनं चहा ठेवला आणि ती आत गेली.

मी म्हटलं, "हाजी, कसे आहात?"

त्यानं कानाकडे बोट नेलं.

"ते नाटक पोरांसाठी ठेवा," मी म्हटलं. "मी हळूच बोलते आणि तुम्हाला सगळं ऐकू जातं, हे मला माहीत आहे."

त्यानं हात खाली घेतला. "बोला, उम्म लमीस. तुम्हाला बोलायचा हक्क आहे. वाट्टेल ते बोला."

"शिव्या द्यायला नाही आले. तेवढ्यासाठी इतके जिने चढले नसते. एक विचारते. अफीफ तुम्हाला म्हणाला होता, एकदा दे. तुम्ही म्हणालात, बघू. म्हणून दिलीत का?"

त्यानं पांढऱ्यांत गेलेलं एक काळं बटण उचलून काळ्यांत टाकलं. मला वाटलं, आता हा खोटं बोलणार. माझ्यासारखी बाई दारात आल्यावर कुणीही बोलेल. मी त्याच्या तोंडावरची नजर काढली नाही.

"अफीफला म्हणालो, बघू. मनात म्हटलं, मेलो तरी देणार नाही. दया म्हणून दाद द्यायची म्हणजे माणसाला जिवंतपणी कफन घालायचं. निहाद दर वेळी गळा साफ करून गायचा. माझ्यामुळे. मीच बोललो होतो ना ते कापसाचं. मूर्खासारखं बोललो होतो, लोकांना हसवायला. तो बिचारा आयुष्यभर तो कापूस काढत बसला, आणि त्यात त्याचं गाणं पण निघून जायचं. त्या दिवशी त्याच्यात साफ करायचं बळच नव्हतं. कापसासकट गायला. शेवटची ओळ वर न्यायची असते, सगळे नेतात. त्याचा श्वास पुरला नाही, म्हणून त्यानं ती खाली सोडली. खाली, खाली, आणि तिथे कुलूप लावलं. तिथे कुलूप असतं हे मला माहीत नव्हतं, उम्म लमीस. एवढं आयुष्य ऐकलं, मला माहीत नव्हतं."

"तोंडावर हात ठेवता आला असता," मी म्हटलं. "एक बोट टेकवायचं ठरलं होतं ना? गुडघ्यावर? एक बोट?"

"हो."

"मग?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. डब्यात बटणांवर पडत होतं.

"खोटी असती तर आवरता आली असती," तो म्हणाला.

मी उठले. चहा तसाच राहिला. मी त्याला माफ केलं नाही, आजही केलेलं नाही, आणि पोरांच्या बैठकीला ये असंही म्हटलं नाही. दार ओढून घेतलं आणि कठडा धरून उतरायला लागले. जिन्यात अंधार होता, पायऱ्या उंच. एक मजला उतरल्यावर मी पायरीवरच बसले. तिथे कुणी नव्हतं. निहादनं विचारलं होतं त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

"ऐकलं," मी म्हटलं.